टप उघडत नाही: जुन्या स्पोर्ट्‌स कारचा अडकलेला लॅच

पावसाळा सरतो, घटस्थापनेच्या सुमारास बेसमेंटमधल्या गाडीवरचं कव्हर निघतं, टप खाली करायला वरचा खटका ओढावा तर तो जागचा हलत नाही. ठाणे-नवी मुंबईत जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे टप मागे दुमडता येणारी गाडी, बाळगणाऱ्यांची ही दर वर्षीची तक्रार. जून ते सप्टेंबर दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, वाशी-ऐरोली-कोपरीकडची खाडीची खारी हवा, सोसायटीच्या तळघरातली ओल, आणि त्यात चार महिने बंदच राहिलेला हा खटका, म्हणजे लॅच. सुरळीत उघडला तरच नवल.

अशा वेळी सगळ्यात आधी हात मागे घ्यायचा. लॅचची मूठ दिसते दणकट, पण बहुतेक जुन्या गाड्यांत ती जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम असते. हा धातू वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो. तुटलेला भाग इथल्या दुकानात मिळत नाही. बाहेरून मागवायचा म्हणजे भाग, कुरिअर, कस्टम ड्युटी आणि तीन-चार आठवड्यांची वाट. तोवर टप एक तर बंदच, नाही तर अर्धवट. पाना अडकवून, पाइप घालून, लाकडी ठोकळ्याने ठोकून लॅच ‘मोकळा’ करणारे कारागीर प्रत्येक नाक्यावर आहेत. त्यांना या गाडीपासून लांब ठेवा.

मुद्दा असा, की अडकलेला लॅच बऱ्याचदा स्वतः बिघडलेला नसतोच. त्याच्यावर भार असतो. हा भार कुठून येतो ते कळलं की निम्मं काम झालं.

रचना साधी आहे. टपाच्या पुढच्या आडव्या पट्टीवर मूठ आणि तिला जोडलेला हूक. पुढच्या काचेच्या चौकटीत हूक अडकायची खाच किंवा कडी. मूठ दाबली की हूक मागे खेचला जातो, पट्टी खाली बसते, मधलं रबर दाबलं जातं. मूठ शेवटच्या टप्प्यात एका मध्यबिंदूच्या पलीकडे जाते आणि तिथून पुढे टपाचाच ताण तिला बंद ठेवतो. म्हणून बंद करताना शेवटचा पाव भाग सगळ्यात जड लागतो, मग ‘टक’ करून मूठ बसते. उघडताना याच्या उलट: तोच मध्यबिंदू परत ओलांडावा लागतो, म्हणजे क्षणभर टप आणखी थोडा ताणावा लागतो. कापड आखडलेलं असेल, रबर चिकटलेलं असेल, चौकट तिरकी झाली असेल, तर हा क्षणभराचा ताण मुठीच्या ताकदीबाहेर जातो. आपण म्हणतो लॅच जाम झाला.

तेव्हा आधी भार काढा. गाडी सपाट जागी आणा. उघड्या गाडीला छताचा आधार नसतो, त्यामुळे एक चाक फुटपाथच्या कडेवर किंवा बेसमेंटच्या उतारावर असलं तरी बॉडी किंचित पिळते आणि हूक खाचेत तिरका बसतो. जॅकवर उचललेल्या गाडीचा टप तर उघडूच नये. दारांच्या दोन्ही काचा पूर्ण खाली करा. बिनचौकटीच्या काचांची वरची कड बाजूच्या रबरात रुतलेली असते आणि टपाला खालून रेटत असते. गाडी तासभर उन्हात उभी करता आली तर उत्तम, विनाइलचा टप उन्हाने सैल पडतो.

मग दोन माणसं लागतात. एकाने बाहेर उभं राहून टपाची पुढची पट्टी, बरोबर लॅचच्या वर, दोन्ही तळव्यांनी खाली दाबायची. कापडाच्या मधोमध नाही, पट्टीवर. दुसऱ्याने आत बसून मुठीवरचं सुरक्षेचं बटण पूर्ण दाबून मूठ सावकाश ओढायची. बाहेरच्या दाबामुळे हुकावरची ओढ कमी होते आणि जी मूठ दोन हातांनी हलत नव्हती ती दोन बोटांनी सुटते. यावर लॅच उघडला, तर लॅच निर्दोष आहे. दुरुस्ती रबराची, कापडाची किंवा हुकाच्या लांबीची करायची आहे.

नाही उघडला तर मूठ हाताला काय सांगते ते बघा. मूठ अजिबात हलत नसेल, अगदी दोन-तीन मिलिमीटरसुद्धा नाही, तर बहुधा सुरक्षेचं बटण आत जात नाहीये. त्याच्या मागची बारीक स्प्रिंग गंजते किंवा जुनं ग्रीस धूळ खाऊन घट्ट होतं. मूठ थोडी हलते, मग रबरासारखी परत येते, तर ताण जास्त आहे. मूठ खडखडत, अडखळत हलते, तर बिजागरीच्या पिना गंजल्या आहेत. मूठ सुळकन पूर्ण खाली येते पण हूक जागेवरच, तर आतली पिन किंवा ती धरून ठेवणारी सर्क्लिप निसटली आहे. आणि मूठही उघडली, हूकही सुटला, तरी टप उचलत नाही, तर रबर काचेच्या चौकटीला चिकटलंय, लॅचचा काही संबंध नाही.

हा शेवटचा प्रकार आपल्याकडे फार. चार महिने दाबलेलं जुनं रबर रंगावर अक्षरशः चिकटून बसतं. टप उचकटला तर रबराचा तुकडा चौकटीवर राहतो आणि पुढच्या पावसात तिथूनच पाणी गळतं. फटीत सिलिकॉन स्प्रे मारा, दहा मिनिटं थांबा, मग जुनं एटीएम कार्ड सरकवत न्या. कार्ड जाईना तिथे कोळी लोक वापरतात ती तंगूस, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोकं धरून हलक्या हाताने पुढे-मागे फिरवत न्या. चौकटीच्या बाजूला टेकवून चालवा, रबर कापलं जात नाही. सुटलं की रबर साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीस नसेल तर टाल्कम पावडर चालेल. खोबरेल, इंजिन ऑइल, व्हॅसलीन यातलं काही लावू नका. हे रबर बहुधा ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं आणि तेलाने ते फुगतं. फुगलेलं रबर म्हणजे लॅचवर पुन्हा जास्तीचा भार.

पिना गंजल्या असतील तर आत शिरणारं तेल लागेल. डब्ल्यूडी-४० सुरुवातीला ठीक आहे, गंज सोडवतं, पाणी हटवतं. पण ते वंगण म्हणून टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत उडून जातं, मागे राहते चिकट धूळ. फवारण्याआधी आतल्या अस्तराला आणि डॅशबोर्डला जुनी चादर लावा, कडेने मास्किंग टेप मारा. छताच्या अस्तरावर पडलेला तेलाचा डाग निघत नाही. डब्याला नळी लावून एकेका पिनेवर एक थेंब, मग रात्रभर थांबायचं. सकाळी मूठ जेवढी हलते तेवढीच हलवायची, पुन्हा थेंब, पुन्हा हलवायची. घाई केली की पिन फिरण्याऐवजी तिच्या भोवतीचं ओतकाम तडकतं.

लॅच उघडला की तो खाली काढून साफ करणं केव्हाही चांगलं, आणि इथे स्क्रू आडवे येतात. माझदा एमएक्स-५ सारख्या जपानी गाडीत अधिक चिन्हाचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाचे असतात. आपल्या पेटीतला साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण तळाला टेकत नाही, जोर दिला की उसळून बाहेर येतो आणि डोकं खाऊन टाकतो. जेआयएस टोकाचा ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो, आणि जपानी गाडी असेल तर तो घेतलाच पाहिजे. जर्मन गाड्यांत टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे स्क्रू येतात. खाचेतली माती सुईने टोकरून काढल्याशिवाय बिट घालू नका. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या पट्टीत आणि वर खारी हवा म्हणजे दोन धातूंची आपापसातली गंज ठरलेली. असा स्क्रू अडला तर पंचवीस-तीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न त्याच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवा, थंड होऊ द्या, मग प्रयत्न करा. तापून-निवून पकड सुटते. हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर इथे नको, बोटभर अंतरावर पुढची काच आहे.

निघालेला लॅच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने घासा आणि हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने काम होतं, फक्त त्याच्या हवेत पाणी येतं, तेव्हा आधी जमिनीवर पिचकारी मारून बघा. पिनांवर खड्डे पडले असतील तर वागळे इस्टेट किंवा रबाळे एमआयडीसीतल्या कुठल्याही लहान लेथवाल्याकडून ३०४ स्टेनलेसच्या पिना करून घ्या. जुनी पिन नमुना म्हणून द्या आणि भोकाचं माप व्हर्नियरने वेगळं घ्या, कारण झिजलेल्या पिनेवरून केलेली पिन सैलच होणार. लेथवाला एका पिनेसाठी मशीन लावायला कुरकुर करतो. चार सांगा, दोन ठेवून द्या.

ग्रीस प्रत्येक बिजागरीवर तांदळाच्या दाण्याएवढं, त्याहून जास्त नाही. पांढरं लिथियम ग्रीस चालतं. जास्तीचं ग्रीस उन्हात वितळून अस्तरावर उतरतं. स्क्रू परत बसवताना आट्यांना ते सैल पडू न देणारं मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, लॉक्टाइट २४३ किंवा तसलंच. लाल नको, ते परत निघता निघत नाही.

आता हुकाची लांबी. एमएक्स-५ च्या पहिल्या दोन पिढ्यांत, म्हणजे १९८९ पासून २००५ पर्यंतच्या गाड्यांत, डावीकडे-उजवीकडे एकेक लॅच आहे. २००५ नंतरच्या तिसऱ्या पिढीत मधोमध एकच. हुकाला आटे असतात आणि तो फिरवून लांबी कमी-जास्त होते. आधीच्या मालकाने किंवा गॅरेजवाल्याने टप गळतो म्हणून हूक आवळत नेलेला असतो, आणि पुढच्याला लॅच जाम मिळतो. गळती रबराची, शिक्षा लॅचला! बदल करण्याआधी हुकावर आणि बुडावर मार्कर पेनने एक सरळ रेघ मारा, म्हणजे परतीची वाट राहते. मग अर्धा फेरा सैल, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि बंद करून बघा. एका तळव्याच्या जोराने मूठ बसली पाहिजे आणि शेवटी ‘टक’ लागला पाहिजे. दोन हात लागले तर घट्ट आहे. मूठ सहज गेली, टक नाही, तर सैल आहे, रस्त्यात वाजेल आणि वाऱ्याने सुटायची भीती.

रबर नीट दाबलं जातंय का हे डोळ्यांना कळत नाही. झेरॉक्सच्या कागदाच्या दोन इंची पट्ट्या कापा, रबर आणि चौकटीच्या मध्ये ठेवून टप बंद करा आणि एकेक पट्टी ओढा. सगळीकडे सारखी, जराशी अडत निघाली पाहिजे. मधे घट्ट आणि कोपऱ्यात मोकळी असेल तर हूक आवळून उपयोग नाही, कोपऱ्यातलं रबर दबून चपटं झालंय, ते बदला. हूक सैल करत जाताना आटे किती आत उरलेत ते बघत राहा. सहा मिलिमीटरचा हूक असेल तर पोलादात निदान सहा आणि ॲल्युमिनियममध्ये नऊ मिलिमीटर आटे पकडीत हवेत. त्याहून कमी उरत असतील तर गडबड हुकात नाही. टपाचं कापड आखडलंय किंवा सांगाडा वाकलाय.

नवं कापड घातलेल्या गाडीत लॅच घट्ट लागणं स्वाभाविक आहे. काही दिवस टप बंद ठेवून गाडी उन्हात उभी करा, कापड सैलावतं. त्यासाठी हूक सैल केला तर महिन्याभरात परत आवळावा लागेल. याच्या उलट, टप आठवडेच्या आठवडे घडी घालून ठेवला की कापड आखडतं आणि बंद करताना हूक खाचेपर्यंत पोचत नाही. तेव्हाही तीच युक्ती: ऊन, काचा खाली, बाहेरून एकाने पट्टी दाबायची.

पोर्शे बॉक्सस्टर ९८६, म्हणजे १९९६ ते २००४ ची पहिली बॉक्सस्टर, हे जरा वेगळं प्रकरण. तिचा पुढचा लॅच हाताने उघडायचा आणि पुढचं काम मोटर करते. त्यामुळे ‘टप उघडत नाही’ या एका तक्रारीत दोन आजार असू शकतात. लॅच सोडल्यावर दोन्ही काचा आपोआप थोड्या खाली येतात का ते बघा. आल्या, तर पुढच्या चौकटीतल्या मायक्रोस्विचने, म्हणजे छोट्या पत्तीच्या स्विचने, लॅच सुटल्याची खबर दिली आहे. नाही आल्या, तर स्विचवर संशय घ्या. हँडब्रेक ओढल्याशिवाय ही मोटर चालतच नाही. ब्रेकचा लाल दिवा लागत नसेल तर हँडब्रेकचा स्विच तपासा, टपाला हात लावायची गरज नाही. तिसरी गोष्ट बॅटरी. चार महिने उभ्या गाडीची बॅटरी १२.२ व्होल्टवर आली म्हणजे ती अर्धी रिकामी आहे. भरलेली विसावलेली बॅटरी १२.६ दाखवते. टपाची मोटर चांगलाच करंट खेचते, तेव्हा इंजिन चालू ठेवून किंवा चार्जर लावूनच बटण दाबा.

मायक्रोस्विच तपासायला मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे जोडणी असली की बीप देणाऱ्या खुणेवर, ठेवा. स्विचची पत्ती दाबली की बीप यावी, सोडली की जावी, किंवा उलट. कुठल्या दोन टोकांवर तारा आहेत त्यावर ते ठरतं. टोकांवर हिरवट थर दिसला तर सागरी हवेने काम केलंय. स्विच मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळून जातो. नेताना जुना बरोबर न्या, कारण मधली पत्ती सरळ की वाकडी, लांब की आखूड, यावर सगळं अवलंबून असतं.

याच गाडीत मागच्या मोटरकडून दोन बाजूंना दोन लवचीक केबल जातात आणि सांगाडा हलवणाऱ्या दांड्यांच्या टोकाला प्लास्टिकच्या वाट्या असतात. त्या वाट्या वयाने तुटतात. एक बाजू पुढे आणि एक मागे राहिली की टप तिरका येतो आणि हूक खाचेत बसतच नाही. अशा वेळी बटण दाबत राहिलात तर वाटीपाठोपाठ सांगाडाही वाकतो. टप तिरका दिसला की बोट बटणावरून काढायचं. २००२ पर्यंतच्या गाड्यांची मागची खिडकी प्लास्टिकची आहे. टप उघडताना मध्येच थांबवून तिला हाताने नीट घडी द्यावी लागते, नाही तर चुणी पडून तिथेच चिरते.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा, लॅच असलेल्या गाड्यांचं, म्हणजे मर्सिडीज एसएल आर१२९ किंवा सीएलके ए२०८ वगैरेंचं, घरी फार काही करू नये. आतल्या आरशापाशी किंवा सनवायझरवर तेलाचा थेंब दिसला तर पुढच्या लॅचच्या सिलिंडरचं सील गेलंय. पंपाचा दाब सोडणारा बायपास व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय असा टप हाताने ओढायचा नाही, आणि सील बदलणारा माणूस शोधायचा, नवा सिलिंडर विकणारा नंतर.

बीएमडब्ल्यू झेड४ च्या पहिल्या पिढीत, ई८५ मध्ये, टप हलेनासा झाला की मी तरी लॅचच्या आधी पाणी वाहून जायच्या नळ्या बघेन. टपाच्या कप्प्यात साचलेलं पाणी तिथल्या पंपाच्या मोटरला बुडवतं, हे त्या गाडीचं जगजाहीर दुखणं आहे आणि आपला पाऊस त्याला पुरेपूर हातभार लावतो. एमएक्स-५ मध्येही सीटच्या मागच्या दोन कोपऱ्यांतली भोकं पानांनी, चिखलाने बुजतात आणि पाणी गालिच्यात उतरतं. बॉक्सस्टरमध्ये ते सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक डब्यापर्यंत पोचलं तर खर्चाला अंत नाही. नळी मोकळी करायला दोन-तीन मिलिमीटरची नायलॉन दोरी, गवत कापायच्या मशीनची असते ती, वरून सरकवत न्या. वरून कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला सांधा सुटला तर पाणी बॉडीच्या आतच पडेल. मग अर्धा लिटर पाणी एका बाजूला ओता आणि गाडीखाली किती येतं बघा. झाडाखाली गाडी उभी असेल तर हे काम मे महिन्यात एकदा आणि गणपतीच्या आसपास एकदा.

मधेच टप अडकला, पुढचा हूक धड लागला नाही आणि आभाळ भरून आलं, तर त्या अवस्थेत हायवेवर गाडी काढू नका. साठच्या वेगात वारा पुढच्या पट्टीखाली शिरतो आणि टप मागे उलथवतो. सांगाडा, मागची खिडकी, कापड तिन्ही जातात. जवळच्या आडोशाला उभी करा, वर ताडपत्री टाका आणि सपाट टोइंग गाडी बोलवा.

लॅच बदलायचाच ठरला तर दोन लॅचच्या गाडीत जोडी मागवा. एक नवा आणि एक झिजलेला असला की ताण एका बाजूला जातो. वापरलेला लॅच घेत असाल तर विकणाऱ्याकडून मूठ उघडी आणि मूठ बंद असे दोन फोटो मागा, आणि हुकाच्या मानेवर केसासारखी भेग दिसते का ते मोठं करून बघा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात असला भाग सापडला तर नशीब, पण तिथे या गाड्या कापायला फारशा येत नाहीत.

बसवून झालं की झारीने पुढच्या पट्टीवर, विशेषतः कोपऱ्यांवर, पाच मिनिटं पाणी सोडा. प्रेशर पंप नको, त्याच्यापुढे नवी गाडीही गळते. मग गाडी पाम बीच रोडला न्या आणि साठच्या आसपास वाऱ्याची शिट्टी कुठून येते ते ऐका. कोपऱ्यातून आली तर रबर, मधून आली तर हूक पाव फेरा आवळा. खडखडाट तपासायला घोडबंदर रोडचे खड्डे पुरेत. आठवड्याने स्क्रू एकदा हाताने तपासा, रबर आणि कापड बसल्यावर ताण थोडा बदललेला असतो. पुढच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एखादी कोरडी दुपार मिळाली की बेसमेंटमध्येच लॅच सोडा, टप हातभर उचला, रबर पुसा आणि पुन्हा बंद करा. भिजलेला टप मात्र घडी घालून ठेवू नका, बुरशी दोन दिवसांत धरते.